शिकागो बेअर्सचा सर्वश्रेष्ठ लाइनबॅकर कोण? एका जुन्या वादाचा प्रकरण अभ्यास

प्रश्न आणि त्याचे ठरलेले उत्तर

शिकागो बेअर्स हा अमेरिकन फुटबॉलमधील सर्वांत जुन्या व्यावसायिक संघांपैकी एक आहे. १९२० मध्ये इलिनॉय राज्यातील डेकेटर या गावी ‘स्टेलीज’ या नावाने तो उभा राहिला, पुढच्याच वर्षी शिकागोला आला आणि १९२२ पासून ‘बेअर्स’ म्हणून ओळखला जाऊ लागला. शंभराहून अधिक वर्षांच्या या वाटचालीत आपल्या संघाला धड क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळून चेंडू फेकणारा खेळाडू, कधी मिळालाच नाही, अशी शिकागोकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार आहे. बचावाच्या मध्यभागी उभ्या राहणाऱ्या मिडल लाइनबॅकरच्या जागेबाबत मात्र तक्रारीला वाव नाही. बिल जॉर्ज, डिक बटकस, माइक सिंगलटेरी आणि ब्रायन अर्लॅकर या चौघांनी ही जागा १९५० च्या दशकापासून २०१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडल्यास, सांभाळली आणि चौघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातील महान खेळाडूंच्या सन्मान-दालनात, गेले: जॉर्ज १९७४ मध्ये, बटकस १९७९ मध्ये, सिंगलटेरी १९९८ मध्ये आणि अर्लॅकर २०१८ मध्ये.

या चौघांत श्रेष्ठ कोण, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर ‘बटकस’ असे आहे. संघाच्या शताब्दीनिमित्त २०१९ मध्ये दोन ज्येष्ठ क्रीडापत्रकारांनी शंभर सर्वोत्तम बेअर्स खेळाडूंची यादी केली, तेव्हा धावपटू वॉल्टर पेटनच्या पाठोपाठ दुसरे नाव बटकसचेच होते. त्याच वर्षी नॅशनल फुटबॉल लीगने निवडलेल्या शतकी संघातही या चौघांपैकी एकट्या बटकसला जागा मिळाली. प्रस्तुत लेखकालाही हे उत्तर मान्य आहे. अडचण उत्तरात नसून त्यासाठी दिल्या जाणाऱ्या कारणांत आहे. बटकसचा धाक, त्याचे गुरगुरणे, समोरच्याला उचलून आपटतानाच्या जुन्या चित्रफिती यांवरच बहुतेक समर्थन उभे असते, आणि अशा समर्थनाला सिंगलटेरीचा चाहता ‘पण तुमच्या बटकसने जिंकले काय?’ एवढ्या एका वाक्यात गप्प करू शकतो. त्यामुळे पहिल्या जागेचे उत्तर नव्याने सिद्ध करावे लागते, आणि ते करताना दुसऱ्या जागेचा प्रश्न आपोआप उघडा पडतो.

एकाच नावाखालची चार कामे

बचाव करणाऱ्या ११ खेळाडूंत पुढची फळी प्रतिस्पर्ध्याच्या रांगेला भिडते, सर्वांत मागचे खेळाडू लांबच्या फेकी अडवतात आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात लाइनबॅकर असतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडणे, मधल्या पट्ट्यात येणाऱ्या छोट्या फेकी तोडणे आणि संधी साधून क्वार्टरबॅकवर चाल करून जाणे ही त्याची तीन कामे होत. मिडल लाइनबॅकरकडे चौथे कामही असते: समोरची मांडणी वाचून आपल्या बचावाला इशारे देणे. या कामांचे आपापसांतील प्रमाण मात्र नियमांनुसार आणि प्रशिक्षकाच्या रचनेनुसार प्रत्येक काळात बदलत गेले आहे, आणि वादात नेमके हेच विसरले जाते.

ही जागा जॉर्जच्या काळात घडली. तो १९५२ मध्ये बेअर्सकडे आला तेव्हा पुढच्या फळीत पाच खेळाडू असत आणि त्यांतला मधला, म्हणजे मिडल गार्ड, समोरच्या सेंटरला (डाव सुरू करताना चेंडू मागे देणाऱ्या मधल्या खेळाडूला) धडकून मग चेंडूकडे वळे. १९५४ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्धच्या सामन्यात आपल्या डोक्यावरून वारंवार जाणाऱ्या छोट्या फेकींना जॉर्ज वैतागला आणि कर्णधार जॉर्ज कॉनरशी बोलून धडक न देता सरळ मागे सरकू लागला. पहिली फेक त्याच्या पोटावर आदळली आणि त्यानंतरची एक त्याने झेलली, अशी ही हकीकत सांगितली जाते. क्लीव्हलंडच्या बिल विलिससारखे मिडल गार्ड त्याआधीही अधूनमधून मागे सरकत असत, त्यामुळे शोधाचे सगळे श्रेय एका दुपारला आणि एका माणसाला देणे धाडसाचे ठरेल. तरीही बचावाची चार-तीन-चार अशी मांडणी पुढे सर्वत्र रुळली आणि तिच्या मध्यभागी कसे खेळावे याचा वस्तुपाठ जॉर्जने घालून दिला, यात वाद नाही. १९५४ पासून सलग आठ वेळा तो प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातील निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला. १९६३ मध्ये बेअर्सच्या बचावाने १४ सामन्यांत अवघे १४४ गुण दिले आणि अंतिम सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सच्या पाच फेकी पळवून १४–१० असे विजेतेपद मिळवले. जॉर्ज त्या बचावात होता, मात्र तोवर त्याच्या कारकिर्दीचा बहर ओसरला होता.

या चौघांखेरीज इतरही दावेदार आहेत. जो फॉर्च्युनाटो, सात वेळा प्रो बोलसाठी निवडला गेलेला लान्स ब्रिग्ज आणि १९८५ च्या संघातील विल्बर मार्शल ही नावे वादात क्वचितच निघतात, कारण ते बाजूचे लाइनबॅकर होते आणि शिकागोची नजर कायम मधल्या माणसावर असते. हा पक्षपातच आहे. तो मान्य करूनही या तिघांपैकी कोणाला पहिल्या चारांत बसवता येईल, असे मला वाटत नाही. खलिल मॅकची बेअर्समधील कारकीर्द २०१८ ते २०२१ अशा चारच हंगामांची असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

आकडे कुठवर साथ देतात

तुलना करू पाहणाऱ्यासमोरची पहिली अडचण नोंदींची आहे. सॅकची, म्हणजे फेक करण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला पाडण्याची, अधिकृत नोंद १९८२ पासून होऊ लागली. टॅकलची, म्हणजे चेंडू घेतलेल्या खेळाडूला पाडण्याची, गणना दीर्घकाळ प्रत्येक संघाचे प्रशिक्षक आपापल्या पद्धतीने करीत, त्यामुळे सिंगलटेरीच्या नावावरचे १,४८८ टॅकल हा आकडा त्याच्या सातत्याची साक्ष देतो, पण दुसऱ्या काळातील खेळाडूच्या टॅकलशेजारी तो मांडता येत नाही. जॉर्ज आणि बटकस यांनी क्वार्टरबॅकला किती वेळा पाडले याची अधिकृत नोंदच नाही. पुरस्कारांचीही तीच गत आहे. असोसिएटेड प्रेसचा वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार सिंगलटेरीला १९८५ आणि १९८८ मध्ये, तर अर्लॅकरला २००५ मध्ये मिळाला. परंतु हा पुरस्कार १९७१ मध्ये सुरू झाला आणि तोवर बटकसचा गुडघा निकामी होऊ लागला होता. ‘बटकसला तो एकदाही मिळाला नाही’ हे विधान खरे असूनही त्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

मग तुलनेसाठी उरते काय? प्रतिस्पर्ध्याच्या फेकी पळवणे, म्हणजे इंटरसेप्शन, आणि निसटलेला चेंडू ताब्यात घेणे या दोन गोष्टी सर्व काळांत मोजल्या गेल्या आहेत. बटकसने ११९ सामन्यांत २२ इंटरसेप्शन केले आणि २७ वेळा निसटलेला चेंडू मिळवला. दोन्ही मिळून ४९, म्हणजे सुमारे अडीच सामन्यांमागे एकदा त्याने चेंडू हिसकावून आपल्या संघाला दिला. सिंगलटेरीचे १७९ सामन्यांतील आकडे अनुक्रमे ७ आणि १२ आहेत, म्हणजे साधारण नऊ सामन्यांमागे एकदा. अर्लॅकरचे इंटरसेप्शन बटकसइतकेच, २२ आहेत, पण ते १८२ सामन्यांतले.

या आकड्यांवर लगेच निकाल देणे घाईचे ठरेल. निसटलेला चेंडू हाती लागण्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. लांबुळका चेंडू कुठे उसळेल हे कोणीच सांगू शकत नाही. चेंडू निसटायला भाग कोणी पाडले, याची नोंद बटकसच्या काळात होत नसे, आणि त्याची खरी कामगिरी कदाचित त्याच रकान्यात सर्वाधिक ठळक दिसली असती. इंटरसेप्शनच्या बाबतीत तर काळाचा फरक उघड आहे. १९६० च्या दशकात शंभर फेकींमागे पाचच्या आसपास इंटरसेप्शन होत, तर अर्लॅकरच्या काळात हे प्रमाण तीनच्या आसपास आले होते. उलट बाजूने, अर्लॅकरच्या काळात प्रत्येक सामन्यात फेकी अधिक होत, म्हणजे संधीही अधिक होत्या. ही वजाबाकी-बेरीज केल्यावर बटकस आणि अर्लॅकर यांच्यातील अंतर बरेच कमी होते. सिंगलटेरी मात्र या मापाने दोघांच्याही मागेच राहतो. शिवाय या मापाला आणखी एक मर्यादा आहे: बेअर्सच्या लाइनबॅकरांत सर्वाधिक, म्हणजे २४ इंटरसेप्शन डग बफोनच्या नावावर आहेत. १४ हंगाम इमानाने खेळलेला हा खेळाडू बटकसच्या बाजूच्या जागेवर होता, आणि त्याला बटकसपेक्षा श्रेष्ठ म्हणणारा माणूस शिकागोत शोधूनही सापडणार नाही.

संघाचे यश आणि खेळाडूचे श्रेय

‘जिंकले काय?’ हा प्रश्न आता समोर घ्यायला हवा, कारण बटकसविरुद्धचा तो एकमेव गंभीर आक्षेप आहे. १९६५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बेअर्सने तिसऱ्या क्रमांकावर बटकसला आणि लगेच चौथ्या क्रमांकावर गेल सेयर्सला घेतले. एकाच दुपारी हॉल ऑफ फेमचे दोन खेळाडू मिळवणाऱ्या या संघाने बटकसच्या नऊ हंगामांत ४८ सामने जिंकले, ७४ हरले आणि ४ बरोबरीत सोडवले. प्ले-ऑफचा, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीचा, एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. १९६९ मध्ये तर बेअर्सने १४ पैकी एकच सामना जिंकला, आणि तोही पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्ध, ज्यांनी त्या वर्षी तितकाच दारुण खेळ केला होता.

या नोंदीचा अर्थ लावताना स्पर्धेचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. १९६५ मध्ये बेअर्सने नऊ सामने जिंकले आणि पाच गमावले. पण तेव्हा प्रत्येक विभागातील अव्वल संघच अंतिम सामना खेळे, त्यामुळे तिसऱ्या आलेल्या बेअर्सचा हंगाम तिथेच संपला. १९६८ मध्ये ७–७ अशी कामगिरी असूनही गटाचे विजेतेपद एका विजयाने हुकले, कारण मिनेसोटा व्हायकिंग्जने ८–६ केले होते. याने बटकसचे संघ चांगले ठरत नाहीत. ते सामान्यच होते, आणि शेवटच्या वर्षांत सामान्याहूनही खाली गेले. पण अकरा जणांच्या बचावातला एक माणूस आपल्या संघाच्या आक्रमणाला गुण करून देऊ शकत नाही. पराभवाच्या यादीतून फार तर इतकेच कळते की समोरचे संघ बटकस कुठे उभा आहे हे पाहून त्याच्यापासून दूर खेळू शकत होते, आणि तसे खेळूनही तो चेंडूजवळ पोहोचत होता. १९७१ मधील वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्याचा दाखला येथे देण्याजोगा आहे. बरोबरी झाल्यानंतरच्या जादा गुणासाठी चेंडू मागे टाकताना गोंधळ झाला, बॉबी डग्लसने तो सावरून गोलरेषेपलीकडे फेकला आणि तिथे धावत गेलेल्या बटकसने तो झेलला. बेअर्स १६–१५ ने जिंकले. बचावपटूने गुण मिळवून सामना जिंकून द्यावा, अशी त्या संघाची स्थिती होती.

बटकसचा उजवा गुडघा १९७० पासून दुखावलेला होता आणि त्यानंतरचे तीन हंगाम तो त्याच गुडघ्यावर खेळला. १९७३ मध्ये कारकीर्द संपल्यावर त्याने संघावर वैद्यकीय उपचारांतील हलगर्जीबद्दल दावा लावला आणि सहा लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याचे आठ प्रो बोल हे नऊ हंगामांतले आहेत, आणि त्यांतले शेवटचे दोन एका पायावर मिळवलेले आहेत, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

सिंगलटेरीच्या बाबतीत आक्षेप नेमका उलटा आहे. १९८५ च्या बेअर्सने १६ पैकी १५ सामने जिंकले, जायंट्सना २१–० आणि लॉस एंजेलिस रॅम्सना २४–० असे नमवले, आणि २६ जानेवारी १९८६ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४६–१० ने हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्या अंतिम सामन्यात सिंगलटेरीने दोनदा निसटलेला चेंडू मिळवला. मात्र त्याच्यापुढे डॅन हॅम्प्टन, स्टीव्ह मॅकमायकल आणि रिचर्ड डेंट होते, बाजूला मार्शल आणि ओटिस विल्सन. बचाव प्रशिक्षक बडी रायन यांनी डग प्लँक या खेळाडूच्या जर्सीवरील क्रमांकावरून ‘४६’ असे नाव दिलेल्या रचनेत समोरच्या सेंटरच्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या गार्डच्या पुढ्यात बेअर्सचा एकेक दांडगा खेळाडू उभा असे. परिणामी सिंगलटेरीला अडवायला कोणी मोकळाच उरत नसे. सुरुवातीच्या काळात तर फेकीची शक्यता असलेल्या डावांत रायन त्याला बाहेर बसवीत. तो हक्क त्याने भांडून आणि मेहनतीने मिळवला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण आपल्या जागेचे अर्धे काम करू देण्याइतका भरवसा संपादन करावा लागणे आणि पहिल्या दिवसापासून ते सगळे काम अंगावर पडणे, यांत फरक आहे.

सिंगलटेरीची खरी ताकद १९८५ मध्ये शोधणाऱ्यांचे येथेच चुकते, असे मला वाटते. सुपर बोलनंतर रायन फिलाडेल्फियाला निघून गेले. त्यांच्याविना, व्हिन्स टोबिन यांच्या वेगळ्या आणि अधिक सावध रचनेत, बेअर्सने १९८६ मध्ये १८७ गुण दिले, म्हणजे गाजलेल्या १९८५ मधील १९८ पेक्षाही कमी. १९८८ च्या हंगामात मार्शल आणि विल्सन दोघेही बेअर्सकडून खेळत नव्हते. तरीही त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत कमी गुण बेअर्सनेच दिले आणि सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार सिंगलटेरीला मिळाला. रचना बदलली, सोबती बदलले, मध्यभागी इशारे देणारा माणूस तोच राहिला. १२ हंगामांत त्याचे फक्त दोन सामने चुकले आणि सलग दहा वर्षे तो प्रो बोलमध्ये होता. बेलर विद्यापीठात असताना त्याने १६ हेल्मेट फोडल्याची गोष्ट चवीने सांगितली जाते. त्याच्या खेळाचे मर्म मात्र चेंडू हलण्यापूर्वी समोरचा डाव ओळखण्यात होते, आणि ते चित्रफितीत दिसत नाही.

अर्लॅकरचे काम

अर्लॅकरवर शिकागोत एक विचित्र अन्याय होतो: त्याला बटकसच्या साच्यात घालून पाहिले जाते आणि मग तो तितका क्रूर नव्हता असे म्हटले जाते. न्यू मेक्सिको विद्यापीठात तो मुख्यतः मागच्या बचावात खेळला होता. २००० च्या ड्राफ्टमध्ये बेअर्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले आणि त्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. २००४ मध्ये लव्ही स्मिथ प्रशिक्षक झाले आणि त्यांनी ‘टॅम्पा टू’ ही रचना आणली. तिच्यात मिडल लाइनबॅकरला, धावपटू येत नाही याची खात्री होताच, पाठमोरे वळून दोन्ही सेफ्टींच्या (सर्वांत मागच्या बचावपटूंच्या) मधल्या खोल पट्ट्यात धावत जावे लागते. सहा फूट चार इंच उंचीच्या माणसाने पुढे येऊन धावपटूला पाडावे आणि दुसऱ्याच डावात वीस यार्ड मागे जाऊन फेक तोडावी, अशी ही मागणी आहे. बटकस किंवा सिंगलटेरी यांच्याकडे अशी मागणी कोणी केली नव्हती.

१६ ऑक्टोबर २००६ रोजी ॲरिझोनात बेअर्स २०–० ने मागे होते. त्यांच्या आक्रमणाने संपूर्ण सामन्यात एकही टचडाउन केला नाही (म्हणजे चेंडू एकदाही गोलरेषेपार नेला नाही), आणि तरीही ते २४–२३ ने जिंकले. त्यातला एक टचडाउन अर्लॅकरने धावपटू एजरिन जेम्सच्या हातून चेंडू ओढून काढल्यामुळे झाला. तो उचलून चार्ल्स टिलमन गोलरेषेपार गेला. त्या हंगामात बेअर्स सुपर बोलपर्यंत पोहोचले आणि इंडियानापोलिस कोल्ट्सकडून २९–१७ ने हरले. २००९ मध्ये पहिल्याच सामन्यात मनगट निखळल्याने अर्लॅकर वर्षभर बाहेर राहिला आणि संघ ७–९ वर थांबला. तो परतल्यावर २०१० मध्ये संघाने ११ सामने जिंकले. या फरकाचे सगळे श्रेय त्याला देता येणार नाही, कारण त्याच वर्षी जुलियस पेपर्सही संघात आला होता. पण काही वाटा निश्चितच त्याचा आहे.

निष्कर्षाची मांडणी

बटकसला पहिली जागा देण्याचे माझे कारण धाक हे नाही. सामान्य संघात, मोजता येणाऱ्या एकमेव मापाने, त्याने आपल्या जागेवरच्या कोणाही बेअर्स खेळाडूपेक्षा अधिक वेगाने चेंडू परत मिळवून दिला, आणि त्याला झाकणारे सोबती किंवा त्याच्यासाठी बेतलेली रचना नसताना हे केले. काळाच्या फरकाची पूर्ण सवलत अर्लॅकरला दिली तरी बटकस थोडा पुढेच राहतो.

दुसऱ्या जागेवर मी अर्लॅकरला ठेवतो, आणि शिकागोतील बहुसंख्य जाणकारांना हे रुचणार नाही याची जाणीव ठेवूनच. त्याच्या काळात खेळ फेकीकडे झुकला होता, लाइनबॅकरचे अर्धे मूल्य फेक अडवण्यात आले होते, आणि त्या अर्ध्यात तो सिंगलटेरीपेक्षा स्पष्टपणे सरस होता. उरलेल्या अर्ध्यात फार मागे नव्हता. जॉर्जला चौथे स्थान देताना मला संकोच वाटतो, पण जागा घडवण्याचा मान वेगळा आणि त्या जागेवरचे श्रेष्ठत्व वेगळे. १९६५ मध्ये जॉर्ज आणि बटकस एकाच संघात होते, मध्यभागी मात्र नवखा बटकस उभा राहू लागला. पुढच्या वर्षी जॉर्ज रॅम्सकडे गेला.

राहतो तो तिसऱ्या क्रमांकावरील सिंगलटेरी. डाव ओळखण्याच्या आणि बचाव चालवण्याच्या कौशल्याला चेंडू पळवण्यापेक्षा अधिक वजन देणारा वाचक त्याला अर्लॅकरच्या वर ठेवील, आणि १९८६ व १९८८ या दोन हंगामांच्या आधारे तो क्रम समर्थपणे मांडता येईल. १९८५ च्या आधारे तो मांडता येणार नाही.